दुर्बीण चुकते तेव्हा: मदन महाल, मद्रास वेळ आणि पाच तास तीस मिनिटे

मदन महालाच्या टेकडीवर, एकमेकांवर तोलून राहिलेल्या ग्रॅनाइटच्या शिळांजवळ, एखादी संगणकीय दुर्बीण मांडली आहे असे समजू. हँड कंट्रोलरवर ‘रोहिणी’ निवडली, मोटारी घरघरल्या, दुर्बीण वळली आणि आकाशाच्या एका रिकाम्या तुकड्याकडे पाहत स्थिर झाली. अशा वेळी पहिला संशय यंत्रावर जातो. केबल काढून घातली जाते, गिअर सैल झाले असावेत असा तर्क होतो आणि शेवटी हँड कंट्रोलर बिघडला असा निकाल लागतो.

खरे बिघाड असतात, पण ते वेगळ्या रीतीने बोलतात. पडद्यावर ‘नो रिस्पॉन्स’ उमटत असेल तर केबलचा सांधा किंवा मोटारीचा बोर्ड तपासावा. दुर्बीण वेगाने वळू लागताच हँड कंट्रोलर बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल तर बॅटरीचा दाब भाराखाली कोसळतो आहे. घड्याळ असलेल्या यंत्रात प्रत्येक रात्री जुनीच तारीख दिसत असेल तर आतला नाण्याएवढा सेल संपला आहे. याउलट मोटारी सुरळीत चालत असतील, पडदा शांत असेल आणि दुर्बीण दरवेळी एकाच दिशेला, जवळजवळ तेवढ्याच अंतराने चुकत असेल, तर बिघाड यंत्रात नसून यंत्राला दिलेल्या माहितीत असतो.

हँड कंट्रोलर मोजके प्रश्न विचारतो: अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ आणि ग्रीनिचपासूनचा वेळेचा फरक. जबलपूरचे अक्षांश सुमारे २३ अंश १० कला उत्तर आणि रेखांश ७९ अंश ५७ कला पूर्व आहेत. आकाश तासाला १५ अंश, म्हणजे चार मिनिटांना एक अंश फिरताना दिसते. फरकाच्या रकान्यात साडेपाचऐवजी पाच भरले की विषुववृत्ताजवळचा तारा साडेसात अंशांनी हुकतो; पौर्णिमेचे पंधरा चंद्र ओळीने मांडावेत एवढे हे अंतर आहे. ‘डेलाइट सेव्हिंग’ चुकून चालू राहिले तर १५ अंश. अनेक हँड कंट्रोलर महिना आधी आणि दिवस नंतर मागतात. ५ मार्च ही तारीख ३ मे अशी वाचली गेली तर ५८ अंश. पूर्वऐवजी पश्चिम रेखांश भरले तर चूक १६० अंशांची होते आणि दुर्बीण बिनदिक्कत जमिनीत तारा शोधू लागते.

यातली खरी मौज पुढे आहे. पहिला तारा हुकल्यावर निरीक्षक दुर्बीण हाताने त्याच्यावर आणतो, दुसऱ्या ताऱ्यावरही तसेच करतो आणि ‘अलाइन’ची कळ दाबतो. त्यानंतर सारे तारे बरोबर सापडू लागतात. वेळेची चूक नाहीशी झालेली नसते, ती गणितात मुरलेली असते. वेळ चुकली काय किंवा रेखांश चुकले काय, आकाश ध्रुवाभोवती तेवढेच सरकलेले दिसते. दोन ताऱ्यांच्या आधाराने हँड कंट्रोलर ते सरकणे सामावून घेतो. चंद्र मात्र फसत नाही. तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर तासाला सुमारे अर्धा अंश पुढे जातो, म्हणून घड्याळ एका तासाने चुकलेले असेल तर तारे नेत्रिकेच्या मध्यभागी येतात आणि चंद्र आपल्या व्यासाएवढा बाजूला राहतो. आतून सुसंगत असलेली चूक पकडायला बाहेरचा साक्षीदार लागतो. भारतातल्या वेळेचा दीडशे वर्षांचा इतिहास वाचताना ही गोष्ट वारंवार आठवते, आणि त्या इतिहासातले एक महत्त्वाचे वळण जबलपूरलाच आहे.

रेखांश म्हणजे वेळ, हे पंचांगकर्त्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. सिद्धान्तग्रंथांची मध्यरेषा उज्जयिनीतून जाते आणि अन्य गावासाठी ‘देशांतर’ संस्कार करावा लागतो. जबलपूरसाठी तो सुमारे ४२ पळे, म्हणजे पावणेसतरा मिनिटे भरतो. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे कुलाबा वेधशाळेत काम करून आधुनिक वेधांशी परिचित झाले आणि १८६० मध्ये त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत प्रसिद्ध केली. गणिताची कोष्टके नवी झाली तरी कोष्टकांना विचारायचा पहिला प्रश्न जुनाच राहिला: आपण कोठे आहोत?

ब्रिटिश हिंदुस्थानात या प्रश्नाचे अधिकृत उत्तर मद्रासहून येई. तेथील वेधशाळा १७९२ मध्ये उभी राहिली. १८०२ मध्ये जॉन गोल्डिंगहॅम यांनी मद्रासचे रेखांश ८० अंश १८ कला ३० विकला ठरवले. त्यावरून ग्रीनिचच्या ५ तास २१ मिनिटे १४ सेकंद पुढे असलेली ‘मद्रास वेळ’ आली. त्याच वर्षी विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळच पायारेषा मोजून महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला. देशभरच्या नकाशांवरील रेखांश या एका वेधशाळेला टांगलेले होते.

आणि ते टांगण्याचे खिळेच थोडे सरकलेले होते. त्या काळी रेखांश काढण्याचे एक प्रमुख साधन म्हणजे गुरूच्या उपग्रहांची ग्रहणे. ग्रहणाची ग्रीनिच वेळ पंचांगात छापलेली असे. स्थानिक घड्याळात ते केव्हा दिसले ते टिपायचे, दोन वेळांतला फरक म्हणजे रेखांश. पण उपग्रह दिवा मालवावा तसा क्षणात जात नाही, तो हळूहळू मंदावतो. शेवटचा किरण कोणत्या सेकंदाला दिसेनासा झाला हे दुर्बिणीच्या आकारावर, हवेवर आणि डोळ्यावर अवलंबून राहते. वेधशाळेच्या जागेचे आजचे रेखांश ८० अंश १५ कलांच्या किंचित आत आहेत. गोल्डिंगहॅम यांचा आकडा त्याहून साडेतीन कलांनी अधिक होता: वेळेत सुमारे १५ सेकंद, जमिनीवर साडेसहा किलोमीटर. दोनशे वर्षांपूर्वीच्या साधनांनी एवढे साधावे हे थोरच. सर्वेक्षणाने पुढे सुधारलेले मूल्य घेतले, तरी नकाशांत सुमारे अडीच कलांची चूक राहिली. त्रिकोणांची जाळी आतून विलक्षण अचूक होती. एका गावापासून दुसऱ्या गावाचे अंतर बरोबर, पण सगळा देश एकत्रच किंचित पूर्वेला. तारायंत्राने ग्रीनिचशी थेट वेळ जुळवता येऊ लागली तेव्हा हा दोष आकड्यांत नेमका पकडता आला.

मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग जबलपूरला पोचला आणि अलाहाबादहून १८६७ मध्येच आलेल्या ईस्ट इंडियन रेल्वेच्या मार्गाला मिळाला. मुंबई आणि कलकत्ता रुळांनी जोडली गेली. आज त्या मुंबईकडच्या मार्गावर जबलपूरच्या अलीकडचे स्थानक मदन महाल हे आहे. मुंबईचे घड्याळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, कलकत्त्याचे ५ तास ५३ मिनिटे; एकाच प्रवासात एक तास दोन मिनिटांची तफावत. रेल्वेने मद्रास वेळ स्वीकारली, कारण ती दोहोंच्या जवळजवळ मधोमध होती आणि मद्रास वेधशाळा तारेने वेळेचा संकेत पाठवत होती. योगायोग असा की जबलपूरचे रेखांश मद्रासच्या रेखांशापेक्षा जेमतेम एक तृतीयांश अंश कमी आहेत. देशभरच्या स्थानकांवर सूर्याशी न जुळणारी रेल्वे वेळ आली, पण दोन लोहमार्गांच्या या संगमावर ती सूर्याच्या वेळेपासून मिनिटभरच दूर होती.

मुंबईत मात्र अंतर अर्ध्या तासाचे होते. १८८१ मध्ये मुंबई सरकारने मद्रास वेळ लादण्याचा प्रयत्न केला आणि लोकांच्या विरोधापुढे दोन वर्षांत तो सोडून दिला. १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली तेव्हा अंतर ३९ मिनिटांचे झाले. गिरणीचा भोंगा नव्या घड्याळावर वाजला की कामगाराला सूर्याच्या हिशोबाने ३९ मिनिटे आधी उठावे लागणार होते. गिरणी कामगारांनी त्याचा निषेध केला. महापालिकेनेही मुंबई वेळ सोडली नाही, ती पुढे अनेक दशके टिकवली. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ मध्ये सोडली. हा विरोध अडाणीपणाचा होता असे लिहिण्याची प्रथा आहे, पण ती टिकणारी नाही. मुंबईची वेळ मुंबईच्या सूर्यापुरती अधिक खरी होती; तिची अडचण फक्त इतरांशी गाठ पडल्यावर दिसे. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात देशाची घड्याळे आणखी एक तास पुढे होती. आज तसे काही नाही, म्हणून हँड कंट्रोलरच्या डेलाइट सेव्हिंगच्या प्रश्नाला भारतात एकच उत्तर आहे: बंद.

आता प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील अणुघड्याळांवर चालते. सर्व व्यवहारांत तीच वापरणे बंधनकारक करणाऱ्या नियमांचा मसुदा केंद्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. ईशान्येसाठी एक तास पुढची वेगळी वेळ असावी, असा प्रस्ताव याच प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडला होता. तो अमलात आला तर गुवाहाटीच्या हँड कंट्रोलरमध्ये साडेसहा भरावे लागतील.

तोवर मदन महालावर साडेपाच. स्थानिक मध्यम वेळ आणि प्रमाणवेळ यांत तेथे दहा मिनिटांचे अंतर आहे आणि ते तपासायला दुर्बीण लागत नाही. सपाट जमिनीवर ओळंब्याने सरळ केलेली काठी रोवावी आणि सावली नेमकी उत्तरेकडे जाते तो क्षण प्रमाणवेळेच्या घड्याळात टिपावा. पृथ्वीच्या कक्षेच्या लंबवर्तुळामुळे आणि अक्षाच्या कलामुळे हा क्षण वर्षभर सरकत राहतो: नोव्हेंबरच्या आरंभी तो ११ वाजून ५४ मिनिटांना येईल, फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून २४ मिनिटांना.