एका प्रश्नाभोवती अनेक विद्या



‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण आपण मुलांना वारंवार ऐकवतो. गणिताबरोबर इतिहासही शिकायचा आहे, असे मुलाने म्हटले की घरात चिंता पसरते. ही चिंता कितपत रास्त आहे, हे इतिहासालाच विचारू या.

दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ साली गोव्यात जन्मले आणि १९२९ साली हार्वर्डचे पदवीधर झाले. गणितातच न गुंतता तेथे त्यांनी अनेक भाषा व इतर विषय अभ्यासले. १९३१ मध्ये ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गणित शिकवू लागले. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात आले. नाणे हातोहाती फिरताना झिजते. त्याच्या वजनातील घट मोजून चलनाचा काळ कसा जोखावा, हे त्यांनी संख्याशास्त्राने दाखविले. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ साली आणि भारतीय इतिहासावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९५६ साली प्रकाशित झाला. त्यांच्या विद्येच्या चिंध्या झाल्या नाहीत. कारण गणिताचा पाया पक्का होता आणि प्रत्येक विद्या एखाद्या नेमक्या प्रश्नासाठी कामी येत होती.

आता आपल्या परिसराकडे पाहा. पिंपरी पेंढारच्या पश्चिमेस, जुन्नर तालुक्यातच, नाणेघाट आहे. तेथील सातवाहनकालीन लेखात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे कोरलेले आहेत. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, आकडे गणिताचे आणि वाट व्यापाराची! पुढे १४९० साली निजामशाही उदयास आली, तीही याच जुन्नरातून. तिचा अभ्यास करायचा तर फारसी हवी. मग ‘जुन्नरचा व्यापारमार्ग’ हा एक प्रश्न घेऊन पदव्युत्तर अभ्यास का आखू नये? इतिहास मुख्य, जोडीला लिपी, फारसी, भूगोल व संख्याशास्त्र, आणि शेवटी एक प्रबंध.

आज नियमही अनुकूल होत आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ च्या आराखड्याप्रमाणे, पदवीचा विषय कोणताही असला तरी प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होऊन दुसऱ्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेता येते.

मात्र विद्यार्थी मित्रांनो, प्रवेशापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहा : माझा प्रश्न कोणता, मुख्य विषय कोणता, मार्गदर्शक कोण? आणि पालकहो, प्रमाणपत्रावर कोणत्या विषयाचे नाव येईल व ते नोकरीच्या अटीत बसेल काय, याची चौकशी आधीच करा. एवढी उत्तरे मिळाली, तर मुलाला अडवू नका. पाया भक्कम असला की खिडक्या अधिक असल्याने घर पडत नाही. उजेडच अधिक येतो.