दोन पिवळे झेंडे

5 ऑक्टोबर 2014, रविवार. दसरा होऊन दोन दिवस झाले होते. जपानमधल्या सुझुका सर्किटवर दुपारी तीनला फॉर्म्युला वनची जपानी ग्रां प्री सुरू होणार होती, म्हणजे इंदूरच्या घड्याळात सकाळी साडेअकराला. पोहे-जिलबी उरकून टीव्हीपुढे बसायची वेळ.

ज्युल बियांकी या शर्यतीतून परत आला नाही, हे आज सगळ्यांना माहीत आहे. कसं आणि कोणत्या नियमाच्या कोणत्या ओळीवर, हे फार थोड्यांना माहीत असतं. पिथमपूरच्या नॅट्रॅक्सवर किंवा कुठल्याही ट्रॅकवर हौसेने हेल्मेट चढवणाऱ्यांसाठी हा घटनाक्रम.

वीस वर्षं आधी

6 नोव्हेंबर 1994. हेच सर्किट, असाच पाऊस. डनलॉप वळणाशी जानी मोरबिडेल्लीची गाडी बाहेर गेली होती आणि ती उचलायला ट्रॅक्टर-क्रेन आली होती. मागून येणाऱ्या मार्टिन ब्रंडलची गाडी त्याच ठिकाणी पाण्यावर तरंगली आणि सुटली. ट्रॅक्टर थोडक्यात चुकला, पण एका मार्शलला धडक बसून त्याचा पाय मोडला. शर्यत थांबवून पुन्हा सुरू केली गेली. गाड्या उचलण्याची पद्धत मात्र तीच राहिली.

2007 मध्ये न्यूरबर्गरिंगला मुसळधार पावसात लिउझीची गाडी घसरत जाऊन उभ्या ट्रॅक्टरला टेकली. कुणाला काही झालं नाही, म्हणून विषय तिथेच संपला.

शर्यतीची सकाळ

फानफोन नावाचं वादळ जपानच्या किनाऱ्याकडे सरकत होतं. शर्यत लवकर सुरू करावी का, अशी चर्चा झाली. वेळ बदलली नाही. सूर्यास्त साडेपाचच्या आसपास होता आणि आकाश भरलेलं होतं. तीनला सुरू झालेली शर्यत रखडली, तर शेवटचे लॅप अंधारात जाणार, हे कागदावर दिसत होतं.

15.00

सेफ्टी कारच्या मागे सुरुवात. 53 लॅप, प्रत्येकी 5.807 किलोमीटर. दोन लॅपनंतर लाल झेंडा. गाड्या पिट लेनमध्ये परतल्या.

सुमारे 15.25

पुन्हा सुरुवात, पुन्हा सेफ्टी कारच्या मागे. रखडलेली वीस-बावीस मिनिटं घड्याळातून गेली होती.

नववा लॅप संपताना

सेफ्टी कार बाजूला झाली आणि खरी शर्यत सुरू झाली. ट्रॅक सुकू लागला. पावसाचे खोल नक्षीचे टायर उतरवून इंटरमिजिएट चढले. मधला तासभर शर्यत चांगली रंगली. त्याबद्दल लिहिण्यासारखं बरंच आहे, पण इथे त्याचं काम नाही.

चाळिसाव्या लॅपच्या आसपास

पाऊस वाढला. प्रकाश उतरू लागला. डनलॉप वळणावर ट्रॅक आडवा ओलांडून जाणारा पाण्याचा ओघळ वाढत होता. शर्यत थांबवा म्हणून आपण रेडिओवर ओरडत होतो, असं चालक फेलिपे मासाने नंतर सांगितलं. शर्यत चालू राहिली.

बियांकी तेव्हा 25 वर्षांचा होता. मूळचा नीसचा, मारुसिया या पिछाडीच्या संघाचा चालक. चार महिन्यांपूर्वी मोनाकोत नववा येऊन त्याने संघाला पहिलेवहिले दोन गुण मिळवून दिले होते. लहानपणापासून कार्टिंग, मग फॉर्म्युला थ्री, जीपी टू. झेंडे त्याला अनोळखी नव्हते.

बेचाळिसावा लॅप

एड्रियन सुटिलची सॉबर त्याच ओघळावर सुटली आणि वळणाबाहेरच्या टायरच्या भिंतीवर आदळली. सुटिल सुखरूप उतरला. मार्शलांनी दोन पिवळे झेंडे हलवायला सुरुवात केली. गाडी उचलायला 6,500 किलोची क्रेन आत आली.

इथे जरा थांबू, कारण सगळं याच जागी आहे. आंतरराष्ट्रीय क्रीडा संहितेच्या ‘एच’ परिशिष्टात झेंड्यांचे अर्थ दिलेले आहेत. एक पिवळा झेंडा हलताना दिसला तर वेग कमी करा, ओव्हरटेक करू नका, गाडीची दिशा बदलायची तयारी ठेवा. दोन हलताना दिसले तर वेग लक्षणीय कमी करा, ओव्हरटेक करू नका, दिशा बदलायची किंवा थांबायची तयारी ठेवा. ट्रॅक पूर्ण किंवा थोडा अडला आहे, नाहीतर मार्शल ट्रॅकवर किंवा कडेला काम करत आहेत. नियम एवढाच. त्यात किलोमीटरचा आकडा नव्हता. लक्षणीय म्हणजे किती, हे चालकाने ठरवायचं. आणि चालक पुढच्या-मागच्याकडे बघून ठरवतो: तो दोन दशांश सेकंद सोडतोय, तर मी एक सेकंद का सोडू?

सेफ्टी कार पुन्हा बाहेर काढायची की पिवळ्या झेंड्यांवर भागवायचं, हा निर्णय रेस कंट्रोलचा. गाडी ट्रॅकच्या बरीच बाहेर होती. झेंड्यांवर भागवलं गेलं. तेव्हाच्या प्रथेला धरूनच होतं ते.

त्रेचाळिसावा लॅप

साधारण दोन मिनिटांनी बियांकी त्याच वळणावर आला. झेंडे हलत होते. क्रेनने सुटिलची गाडी उचललेली होती आणि ती भिंतीसमोरून मागे सरकत होती. सुटिल जवळच उभा होता.

बियांकीची गाडी मागून सुटली, सुटिलच्या जागेच्या किंचित अलीकडे. त्याने उलट स्टिअरिंग देऊन ती सावरली. त्या सावरण्यामुळे गाडीने ट्रॅक सुटिलच्या आधी सोडला आणि ती भिंतीच्या अलीकडच्या भागाकडे निघाली. नेमक्या त्या भागासमोर क्रेन होती.

0.00 सेकंद

गाडीने ट्रॅक सोडला तेव्हा वेग ताशी 213 किलोमीटर. चालकाचे दोन्ही पाय कामात: एक ब्रेकवर, एक एक्सलरेटरवर. असं झालं तर इंजिनाचा जोर आपोआप तोडणारी यंत्रणा गाडीत होती, पण मारुसियाच्या इलेक्ट्रॉनिक ब्रेक प्रणालीशी तिचा मेळ बसत नव्हता.

2.61 सेकंद

ताशी 126 किलोमीटर वेगाने 700 किलोची गाडी क्रेनच्या मागच्या भागाखाली घुसली. हेल्मेट क्रेनच्या बुडाला लागलं.

त्यानंतर

लाल झेंडा. शर्यत तिथेच संपवली. निकाल 44 लॅपचा धरला, विजेता लुइस हॅमिल्टन. खराब हवामानामुळे हेलिकॉप्टरऐवजी रुग्णवाहिकेने बियांकीला योक्काइचीच्या रुग्णालयात नेलं. शर्यत थांबली तेव्हा इंदुरात दीडही वाजला नव्हता.

3 डिसेंबर 2014

अपघाताची चौकशी करणाऱ्या दहा जणांच्या समितीचा 396 पानांचा अहवाल खेळाच्या नियामक संस्थेपुढे, म्हणजे एफआयएपुढे आला. रॉस ब्रॉन, स्टेफानो डोमेनिकाली, एमर्सन फिटिपाल्डी अशी माणसं समितीत होती. निष्कर्ष कोरडे होते. सुटिलची गाडी जिथे सुटली तिथेच आपली सुटणार नाही, इतका वेग बियांकीने कमी केला नाही. दोन पिवळ्या झेंड्यांचा नियम पाळला गेला, तर चालक आणि मार्शल यांच्या जिवाला तत्काळ धोका राहू नये. बचावकार्यात कसूर नव्हती.

कुटुंबाला हे पटलं नाही, आणि 2016 मध्ये त्यांनी कायदेशीर कारवाई जाहीर केली. त्यांच्या बाजूनेही बोलता येतं. अंधार, ओघळ, क्रेन आणि शर्यतीची वेळ यांतलं काहीच बियांकीच्या हातात नव्हतं. मला विचाराल तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आयोजकांची ढिलाई चालकाचा वेग कमी करत नाही.

अहवालातली एक शिफारस मात्र हौशी मंडळींनी दोनदा वाचावी. फॉर्म्युला वनचं सुपर लायसन्स पहिल्यांदा घेणाऱ्या चालकाला रेस कंट्रोल कसं काम करतं याचा अभ्यासक्रम द्यावा आणि नियम माहीत आहेत की नाही, याची परीक्षा घ्यावी. जगातल्या मोजक्या बावीस चालकांच्या खेळात, जिथे प्रत्येकाने पंधरा-पंधरा वर्षं ट्रॅकवर काढलेली असतात, तिथे ही शिफारस करावी लागली.

आपल्याकडे पिथमपूरला 2007 पासून बाहा एसएईइंडिया ही स्पर्धा भरते. पुण्या-नाशिकपासून अभियांत्रिकीची पोरं स्वतः बांधलेल्या, 10 अश्वशक्तीच्या इंजिनाच्या गाड्या घेऊन येतात आणि चार तासांची एन्ड्युरन्स पळवतात. रोल केजच्या नळीची जाडी त्यांना झोपेतही सांगता येते, कारण त्यावर तांत्रिक तपासणी अडते. झेंड्यांच्या पानावर गाडी अडत नाही. ब्रीफिंगला संघातलं कुणीतरी गेलं की भागलं, असा समज असतो. गाडीतून बाहेर पडलेला चालक आणि त्याच्याकडे धावणारा मार्शल हे दोघेही त्या पानाच्या भरवशावर असतात.

2015

सुझुकाची शर्यत दुपारी दोनला सुरू झाली. सूर्यास्ताआधी किमान चार तास शिल्लक हवेत, अशी अहवालाची शिफारस होती. व्हर्च्युअल सेफ्टी कार आली: धोका दिसला की प्रत्येकाच्या स्टिअरिंगवर किमान वेळ झळकते आणि त्याहून वेगात गेल्यास दंड. लक्षणीय म्हणजे किती, ते ठरवण्याचं काम चालकाच्या हातून काढून घेतलं गेलं.

17 जुलै 2015 ला, नऊ महिने शुद्धीवर न येता, बियांकी नीसमध्ये वारला. 17 हा त्याच्या गाडीचा आकडा कायमचा निवृत्त केला गेला.

9 ऑक्टोबर 2022

सुझुका, पाऊस. पहिल्याच लॅपमध्ये कार्लोस साइन्झची गाडी आपटली आणि ती उचलायला वाहन ट्रॅकवर आलं. पिटमध्ये जाऊन आलेला पिएर गॅस्ली सेफ्टी कारच्या मागच्या रांगेला गाठायच्या घाईत त्या वाहनाशेजारून वेगात गेला आणि रेडिओवर संतापला. त्याचा संताप रास्त होता. नंतर अधिकाऱ्यांनी त्याची नोंदही तपासली: लाल झेंडा लागल्यावरही त्याने अनेकदा ताशी 200 ओलांडले होते, एकदा तर 251. गॅस्लीने चूक मान्य केली. 20 सेकंदांचा दंड आणि लायसन्सवर दोन पेनल्टी पॉइंट.