गुडमारीचा पाला आणि मधुमेह



लहानपणीं आम्हां मुलांचा एक खेळ असे. कोंकणांत आमच्या आजोळीं कुंपणावर एक वेल चढलेला होता. त्याचीं दोनतीन पानें खूप चघळावीं आणि मग गुळाचा खडा तोंडांत टाकावा. गूळ कसला, वाळूच ती! अर्ध्यापाऊण तासानें जिभेला पुन्हा गोडी कळूं लागे. आजी त्याला बेडकीचा पाला म्हणे. हिंदी मुलखांत तोच गुडमार, आणि संस्कृतांत मधुनाशिनी. या नांवांनींच पुढें घोटाळा वाढविला. जिभेवरची साखर जो मारतो तो रक्तांतलीही मारील, असा सरळ तर्क लोकांनीं बांधला.

मधुमेहाची ओळख आपल्याकडे जुनी. रोग्याच्या मूत्राला मुंग्या लागतात, ही गोष्ट प्राचीन वैद्यांनीं नोंदली आहे. पाश्चात्त्य विद्वानांचें लक्ष मात्र या वेलाकडे जिभेमुळेंच गेलें. पाला चघळल्यावर चहांतील साखर कळेनाशी होते, हें 1847 सालीं एजवर्थ नांवाच्या मुलकी अधिकाऱ्यानें विलायतेंत कळविलें. 1887 सालीं उटकमंड येथें डेव्हिड हूपर या सरकारी रसायनज्ञानें पाल्यांतून जिम्नेमिक आम्ल वेगळें काढलें. जिभेवरील ज्या ग्रहणस्थानांना गोडी कळते, त्यांनाच हें आम्ल चिकटून बसतें. म्हणजे साखर होती तेथेंच असते; जीभ तेवढी आंधळी होते.

रक्तांतील साखरेचा प्रश्न अगदीं निराळा. 1921 सालीं टोरोंटोंत बँटिंग व बेस्ट यांना इन्शुलिनाचा शोध लागला, आणि 1922 च्या जानेवारींत तें लेओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला प्रथम टोचण्यांत आलें. पुढें 1930 सालीं डॉ. म्हसकर आणि फादर कायस यांनीं या पाल्यावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. आमच्या मुंबईच्या हाफकिन संस्थेशीं निगडित असलेलीं हीं नांवें. पाल्यानें जनावरांच्या रक्तांतील साखर उतरते, आणि तीही थेट नव्हे, तर स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडण्यास उत्तेजन मिळाल्यामुळें, असें अनुमान त्यांनीं मांडलें. आजीच्या तर्काला असा आडवाटेनें आधार मिळाला!

1990 सालीं मद्रासच्या संशोधकांनीं 22 रोग्यांना नेहमींच्या औषधांबरोबर रोज 400 मिलिग्रॅम अर्क 18 ते 20 महिने दिला. त्यांतील पांच जणांची जुनीं औषधें थांबवितां आलीं. इन्शुलिन घेणाऱ्या दुसऱ्या 27 रोग्यांचीही मात्रा उतरली. आकडे सुखद खरे. परंतु कोणाला अर्क मिळतो व कोणाला नुसती पोकळ गोळी, हें रोगी व वैद्य दोघांपासूनही लपवून केलेली ही परीक्षा नव्हे, आणि रोगी तरी किती थोडे! पाल्यांत ऑक्सिडीकरणाला आवर घालणारीं द्रव्यें आहेत असेंही सांगतात. तीं परीक्षानळींत आढळलीं आहेत. पण परीक्षानळी म्हणजे माणूस नव्हे.

वनस्पतींना मी हिणवीत नाहीं. युरोपांत गालेगा नांवाचें एक झुडूप आहे. त्याच्या बियांतून 1914 सालीं तानरे यानें गालेगीन काढलें. तें साखर उतरवी, परंतु विषारी. म्हणून त्याच कुळांतील इतर संयुगें पारखण्यांत आलीं. आणि डब्लिन येथें 1922 सालींच तयार होऊन पडलेलें मेटफॉर्मिन 1957 सालीं पॅरिसच्या झाँ स्टर्न यांनीं रोग्यांच्या उपयोगीं आणलें. तीच गोळी मी रोज जेवणाबरोबर घेतों.

माझा एक जुना विद्यार्थी लहानपणापासून इन्शुलिन टोचून घेई. कांहीं वर्षांपूर्वीं कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यानें सुई सोडली आणि पाल्याचें चूर्ण धरलें. ज्याच्या स्वादुपिंडांत इन्शुलिन उरलेंच नाहीं, त्याला उत्तेजन देऊन काय मिळणार? चौथ्या दिवशीं त्याला बेशुद्धावस्थेंत रुग्णालयांत नेलें. मी रात्रभर बाहेर बांकावर बसून होतों. तो वांचला. आतां सुई चुकवीत नाहीं. त्याच्या परसांत बेडकीचा वेल अजून आहे. मुलें त्याचीं पानें चघळून गूळ खातात आणि तोंडें वांकडीं करतात.