रिकाम्या खोल्यांतले प्रवासी

प्रवासवर्णन ह्या वाङ्मयप्रकाराचा प्रवासी बहुधा एकवचनी असतो. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून निघाले ते काकांसोबत, पण चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ग्रंथाचे नाव 'माझा प्रवास' असेच आहे. ह्या प्रवासाच्या अखेरीस गोडसे भटजी कावडीतून गंगा घेऊन घरी परततात आणि वृद्ध आईवडिलांना तिचे स्नान घालतात. तरुणाने हिंडावे आणि म्हाताऱ्यांनी घरी वाट पाहावी, अशी ही वाटणी. ती कशी बदलली, हे पाहण्यासाठी आम्ही येथे पश्चिमेतील काही प्रसंगांकडे वळत आहोत. कारण वृद्धांच्या सामूहिक पर्यटनाला तेथे संस्थेचे रूप कसे आले, हे तारीखवार सांगता येते.

आरंभी साहित्याने ह्या प्रवाशांची थट्टाच केली. १८६७ साली 'क्वेकर सिटी' ही आगबोट अमेरिकन सहलकऱ्यांना घेऊन युरोप आणि पॅलेस्टाइनच्या यात्रेस निघाली. तिच्यावर एकतिशीतला मार्क ट्वेन होता. १८६९ साली आलेल्या 'द इनोसंट्स अब्रॉड'मध्ये त्याने चाळिशी ते सत्तरीच्या सहप्रवाशांची यथेच्छ टर उडवली. पुस्तक अफाट खपले. समूहाने जग पाहणारा म्हातारा हा विनोदाचा विषय आहे, ही समजूत त्याने पक्की केली असे म्हणावे लागेल.

वास्तव मात्र निराळ्या दिशेने चालले होते. थॉमस कुकने ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबरोला मद्यपाननिषेधाच्या सभेसाठी सुमारे पाचशे माणसे आगगाडीने नेली होती. तोच कुक १८७२ साली त्रेसष्टाव्या वर्षी, एक छोटा गट बरोबर घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला आणि २२२ दिवसांनी परतला. सुएझचा कालवा आणि अमेरिका ओलांडणारा लोहमार्ग १८६९ सालीच पुरे झाले होते. त्यांच्यावाचून हे घडते ना. तथापि अशी प्रदक्षिणा श्रीमंतांचीच होती. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांसाठी दार उघडले ते विसाव्या शतकात, आणि तेही एका व्यावहारिक अडचणीतून.

इंग्लंडच्या फोकस्टन ह्या समुद्रकाठच्या गावी सिडनी डी हान ह्यांचे हॉटेल होते. हंगाम सरला की खोल्या ओस पडत. शाळेच्या सुटीशी बांधलेले नसतात ते निवृत्त लोक. त्यांना स्वस्तात गटाने आणावे, ही कल्पना त्यांना सुचली. १९५०च्या दशकात तिच्यातून 'सागा' ही कंपनी उभी राहिली.

आम्हां अध्यापकांना अधिक जवळचा वाटावा असा प्रसंग १९७५चा. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात मार्टी नोल्टन आणि डेव्हिड बियांको ह्यांनी 'एल्डरहॉस्टेल' सुरू केले. नोल्टन युरोपात पायी हिंडून आले होते; तेथील युवक-वसतिगृहे आणि स्कँडिनेव्हियातील लोकशाळा त्यांनी पाहिल्या होत्या. उन्हाळ्यात विद्यार्थी घरी जातात आणि वसतिगृहे रिकामी पडतात. त्या खोल्यांत साठीपुढच्यांनी राहावे, व्याख्याने ऐकावीत. परीक्षा नाही, गुण नाहीत. पहिल्या उन्हाळ्यात पाच महाविद्यालयांत २२० जण आले. पुढे हे वर्ग परदेशांत भरू लागले आणि व्याख्यानाचा विषय खिडकीबाहेर दिसू लागला.

दोन्ही ठिकाणी वृद्धांना मिळाली ती इतरांनी सोडलेली जागा, इतरांना नको असलेला काळ. पण तेथे जे घडले ते उरलेसुरले नव्हते. जोडीदार गमावलेला माणूस एकटा येई आणि जेवणाच्या टेबलावर त्याला बोलायला कोणी मिळे. कोणाची तरी आई किंवा कोणाचे तरी आजोबा, एवढीच उरलेली ओळख बाजूला पडून तो पुन्हा विद्यार्थी होई. २०१० साली संस्थेने 'रोड स्कॉलर' हे नाव घेतले. नव्या पिढीच्या ज्येष्ठांना 'एल्डर' हा शब्द रुचत नव्हता. व्यवहार म्हणून हे ठीकच. तरीही, म्हातारपण नावातच मिरवून शिकायला बसण्यातला ठामपणा त्या बदलात हरवला, असे आम्हांला वाटते.

समूहाने केलेला प्रवास उथळ, घड्याळाला बांधलेला, हा आक्षेप अगदीच खोटा नाही. परंतु एकट्या प्रवाशाचे स्वातंत्र्य शाबूत गुडघ्यांवर आणि भरल्या खिशावर उभे असते, हे आपण विसरतो. वारीतल्या दिंडीला हे कळलेले आहे. सामान ट्रकमधून पुढे जाते, स्वयंपाक एकत्र होतो, म्हणून सत्तरीची आजी पंढरपूर गाठते. तिची भक्ती त्यामुळे उणी ठरवण्याचे धाडस कोणी करीत नाही.

मग पर्यटकांच्या गटातल्या आजींचे पाहणे आपण उणे का ठरवतो? आपली समीक्षा प्रवासवर्णनात 'मी'चे व्यक्तिमत्त्व शोधते आणि 'आम्ही' दिसले की त्याला माहितीपर म्हणून बाजूला सारते. ह्या निकषाने किती जणींच्या वह्या कपाटातच राहिल्या असतील! प्रवासवर्णन शिकवताना विद्यार्थ्यांना एकदा तरी आपापल्या घरातली अशी वही शोधायला सांगावे. ती लिहिणारी व्यक्ती कदाचित अजून शेजारच्या खोलीतच असेल.