लखनौचा करार आणि बहुमताची मर्यादा

लोकसत्तेत प्रश्न मतांनी सुटावयाचे, हे तत्त्व म्हणून कोणीही मान्य करील. परंतु विवाह, वारसा, उपासना यांसारख्या ज्या विषयांत एखाद्या समाजाची श्रद्धा गुंतलेली असते, त्यांचा निर्णयही हात मोजूनच करावयाचा काय, असा प्रश्न उभा राहिला म्हणजे या तत्त्वाची खरी कसोटी लागते. हिंदी राजकारणात या प्रश्नाला नेमक्या कलमाच्या भाषेत उत्तर देण्याचा एक प्रयत्न १९१६ च्या डिसेंबरात लखनौ येथे झाला. लखनौच्या कराराची चर्चा बहुधा जागांच्या वाटणीपाशी थांबते. त्यातील दुसरे एक कलम मात्र सहिष्णुतेच्या इतिहासात अधिक विचार करण्याजोगे आहे.

त्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष अंबिकाचरण मुजुमदार होते व मुस्लिम लीगचे बॅरिस्टर जिना. दोन्ही संस्थांची अधिवेशने एकाच शहरात भरली आणि दोहोंनी सुधारणांची एक संयुक्त योजना मान्य केली. स्वतंत्र मतदारसंघ काँग्रेसने स्वीकारले. संयुक्त प्रांतात लोकसंख्येच्या सुमारे सातव्या हिश्श्याएवढ्या असलेल्या मुसलमानांना निर्वाचित हिंदी सभासदांपैकी शेकडा ३० जागा मिळावयाच्या होत्या. उलट बंगालमध्ये निम्म्याहून अधिक असूनही त्यांना शेकडा ४० वर समाधान मानावयाचे होते. याच योजनेत असे ठरले की, बिनसरकारी सभासदाने आणलेले एखादे विधेयक, त्यातील कलम किंवा ठराव यांचा संबंध एखाद्या समाजाशी पोचत असेल व त्या समाजाचे तीनचतुर्थांश सभासद त्याच्या विरोधी असतील, तर ते पुढे चालवू नये. संबंध पोचतो की नाही, हेही त्याच समाजाच्या सभासदांनी ठरवावयाचे होते. बहुसंख्येच्या हाती सत्ता येण्यापूर्वीच तिच्या गतीला रोध लावून ठेवण्याची ही योजना होती.

या कलमामागील भीती महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ पासून चालविलेल्या चळवळीतून १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला आणि संमतीचे वय दहावरून बारावर गेले. तेलंग व भांडारकर यांनी कायद्याचा पुरस्कार केला. टिळकांनी विरोध केला. सुधारणा हवी असणाऱ्यांनी आधी स्वतःवर बंधने घालून घ्यावी, परक्या सरकारच्या कायद्याने ती समाजावर लादू नये, असे टिळकांचे म्हणणे होते. त्या वेळचे वरिष्ठ कायदेमंडळ सरकारनियुक्त होते. तेथे लोकांच्या मताचा प्रश्नच नव्हता. पंचवीस वर्षांनी स्वराज्याची भाषा सुरू झाली तेव्हा प्रश्नाचे रूप पालटले. परक्यांचा अधिकार अमान्य करणे सोपे होते. आता स्वकीयांच्या संख्येला कोठवर अधिकार द्यावयाचा, हे ठरवावयाचे होते.

सुरतेच्या फुटीनंतर काँग्रेसमध्ये परतलेल्या टिळकांनी लखनौस कराराला मनापासून पाठिंबा दिला. मुसलमानांना फार दिले, या आक्षेपाला त्यांनी दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. स्वराज्याचे हक्क केवळ मुसलमानांना, रजपुतांना, किंबहुना हिंदूंतील अगदी खालच्या मानलेल्या वर्गांना दिले तरी आपली हरकत नाही, कारण मग तिरंगी झगडा संपून घरातला दुरंगी झगडा उरेल, असा त्यांचा आशय होता. यात राजकीय धोरण होते हे खरे. पण ज्याला उद्या बहुमत मिळण्याचा संभव आहे त्याने आज ते आवरून धरण्यास राजी व्हावे, यात औदार्यही होते.

तरीही लखनौच्याच भूमीवर सतरा वर्षांपूर्वी सहिष्णुतेचा निराळा अर्थ सांगितला गेला होता, तो या कलमाशेजारी ठेवून पाहावा लागतो. १८९९ साली रमेशचंद्र दत्त यांच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेस भरली, तेव्हा सामाजिक परिषदेत न्यायमूर्ती रानडे यांचे भाषण झाले. हिंदू व मुसलमान यांनी शतकानुशतके एकमेकांस घडविले आहे, हा त्याचा गाभा. अकबराच्या धोरणाचा गौरव करताना रानड्यांनी दोन्ही समाजांच्या समान दोषांवरही बोट ठेवले: स्त्रीशिक्षणातील मागासलेपणा, विषम विवाह, धर्मादाय निधींची हेळसांड. एकाने दुसऱ्याच्या घरात पाहू नये, एवढ्यावर रानड्यांची सहिष्णुता थांबत नव्हती. दोघांनी आपापले घर झाडावे आणि त्या कामी एकमेकांचे साह्य घ्यावे, अशी तिची मागणी होती.

१९१६ च्या कलमात नेमकी हीच बाजू सुटली. त्याने समाजाला नकाराचा अधिकार दिला. पण समाज म्हणजे कोण, हे विचारले नाही. त्या वेळच्या कायदेमंडळांत एकही स्त्री सभासद नव्हती. तेव्हा विवाहाचा कायदा अडविण्यास लागणारी तीनचतुर्थांश मते केवळ पुरुषांचीच असणार होती. अस्पृश्यांचा तर योजनेत उल्लेखच नव्हता. नोव्हेंबर १९१७ मध्ये नारायण चंदावरकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत भरलेल्या अस्पृश्यवर्गाच्या सभेने या योजनेला पाठिंबा दिला, पण आपल्यावरील निर्बंध नाहीसे करण्याचा ठराव काँग्रेसने करावा, अशी मागणीही केली. तसा ठराव त्याच वर्षी कलकत्त्यास झाला. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे तरुण आंबेडकरांनी अस्पृश्यांचे हितसंबंध अस्पृश्यच मांडू शकतात, असे प्रतिपादन केले. बाहेरच्या संख्येपासून जे कलम संरक्षण देत होते, तेच आतल्या दुर्बलांना बलिष्ठांच्या स्वाधीन करीत होते.

१९१९ च्या कायद्यात जागांची वाटणी बव्हंशी लखनौप्रमाणे झाली. तीनचतुर्थांशांचे कलम मात्र उतरले नाही. त्याऐवजी धर्माशी संबंधित विधेयकांस गव्हर्नर-जनरलची पूर्वसंमती लागे. म्हणजे निवाड्याचा अधिकार पुन्हा परक्याकडेच राहिला.

या प्रश्नाचा पुढचा विचार संविधानसभेत झाला. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी समान नागरी कायद्याच्या कलमावर बोलताना आंबेडकरांनी व्यक्तिगत कायद्यांबाबत कायदा करण्याचा संसदेचा अधिकार सोडण्यास नकार दिला. पण अधिकार असणे आणि तो तत्काळ व कठोरपणे वापरणे या भिन्न गोष्टी आहेत, हेही त्यांनी बजावले. तसा कायदा प्रारंभी केवळ स्वेच्छेने स्वीकारणाऱ्यांस लागू करता येईल, असा मार्ग सुचविला. पुढच्याच वर्षी संयुक्त प्रांताच्या प्रतिनिधी बेगम ऐजाज रसूल यांनी अल्पसंख्यकांसाठी राखीव जागा नकोत, त्या अल्पसंख्यकांना बहुसंख्यांपासून कायमच्या तोडतील, अशी भूमिका घेतली. ज्या प्रांतात हा करार झाला, त्याच प्रांतातील एका मुस्लिम स्त्रीने असे म्हणावे, याचे महत्त्व मोठे आहे.

परंतु बेगमसाहेबांचा हा विश्वास बहुसंख्यांवर एक ऋण ठेवून जातो. लखनौस जे कलमाने साधावयाचे होते, ते कलम नसताना साधण्याची जबाबदारी आता मते ज्यांच्याकडे अधिक आहेत त्यांच्यावर येते. एखादा समाज नको म्हणतो तेव्हा त्या नकारात आतील दुर्बलांचा आवाज कितपत आहे, हे त्यांनी विचारावे. आणि ठराव जिंकण्याजोगी संख्या हाती असतानाही ज्यांचे जीवन त्याने बदलणार आहे, त्यांचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे. या दोन गोष्टींखेरीज बहुमत कायदा करू शकते. त्या कायद्याला समाजाची मान्यता मात्र ते मिळवून देऊ शकत नाही.