ब्रुंडिबार

ब्रुंडिबार : हान्स क्रासा (१८९९–१९४४) यांची चेक भाषेतील दोन अंकी बालसंगीतिका. संहिता आडोल्फ हॉफमाइस्टर (१९०२–७३) यांची. रचना १९३८ मधील; पहिला प्रयोग प्राग येथे १९४२ च्या हिवाळ्यात. नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या तेरेझिन या गावी २३ सप्टेंबर १९४३ पासून साधारण वर्षभरात तिचे ५५ प्रयोग झाले. ते करणारी मुले स्वतः कैदी होती. त्यांतली बहुतेक पुढे ऑशविट्झ येथे मारली गेली.

कथानक साधे आहे. पेपिचेक आणि आनिंका या भावंडांना वडील नाहीत. आई आजारी पडते, डॉक्टर दूध द्यायला सांगतात, पण घरात पैसा नाही. मुले बाजारात जातात. तिथे आइस्क्रीमवाला, पाववाला, दूधवाला सगळे आहेत, पण फुकट कोणी काही देत नाही. चौकात ब्रुंडिबार नावाचा एक माणूस दांडा फिरवून वाजवायची पेटी घेऊन उभा असतो आणि लोक त्याला पैसे टाकत असतात. ते पाहून भावंडेही गाऊ लागतात, पण पेटीच्या आवाजापुढे त्यांचे गाणे कोणाला ऐकू येत नाही आणि ब्रुंडिबार त्यांना हुसकावून लावतो. रात्री एक चिमणी, एक मांजर आणि एक कुत्रा त्यांच्या मदतीला येतात, सकाळी आळीतली सगळी पोरे गोळा होतात, आणि सर्वांनी मिळून गायिलेली अंगाई ऐकून लोकांची मने द्रवतात. मिळालेले पैसे ब्रुंडिबार पळवतो. मुले त्याला गाठून ते परत घेतात आणि विजयाचे गाणे गातात.

हिटलरवरचे रूपक म्हणून ही संगीतिका लिहिली गेली, असे सरसकट सांगितले जाते. ते तितकेसे बरोबर नाही. क्रासा आणि हॉफमाइस्टर यांनी ती बालसंगीतिकांच्या एका सरकारी स्पर्धेसाठी केली होती. मार्च १९३९ मध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले आणि स्पर्धेचा निकाल कधी लागलाच नाही. रूपक घडवले ते प्रेक्षकांनी, तेरेझिनमध्ये. मराठी वाचकाला इथे ‘कीचकवध’ आठवेल. कृ. प्र. खाडिलकरांच्या या १९०७ च्या गद्य नाटकातल्या कीचकात प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झनला ओळखले आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. खाडिलकरांनी मात्र तो कीचक जाणूनबुजून तसा उभा केला होता. क्रासांचा पेटीवाला आधी नुसताच पेटीवाला होता. मिशीवाल्या, आरडाओरडा करणाऱ्या, मुलांचा आवाज दडपणाऱ्या माणसाला काय म्हणायचे, हे बंदिवानांना कोणी सांगावे लागले नाही.

क्रासा प्रागचे. वडील चेक वकील, आई जर्मनभाषक ज्यू. आलेक्सांडर त्सेमलिन्स्की हे त्यांचे गुरू. दस्तयेवस्कीच्या कथेवरील त्यांची मोठ्यांसाठीची संगीतिका १९३३ मध्ये प्रागच्या जर्मन नाट्यगृहात जॉर्ज सेल यांच्या संचालनाखाली झाली होती. म्हणजे छावणीत वेळ घालवण्यासाठी कोणा हौशी माणसाने जुळवलेली ही गाणी नव्हेत. चाली मुलांच्या तोंडी सहज बसतात, पण त्यांच्याखालची स्वरांची वीण कसलेल्या हाताची आहे. ‘ब्रुंडिबार’बद्दल बोलताना करुणेच्या भरात हे संगीत ऐकायचेच राहून जाते.

प्रागमधील ज्यू अनाथाश्रमाचे प्रमुख ओटो फ्रॉयडेनफेल्ड यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने १९४१ मध्ये स्नेहीमंडळी जमली असता ही संगीतिका आश्रमातील मुलांकडून बसवण्याचे ठरले. ज्यूंच्या जाहीर कार्यक्रमांवर बंदी असल्याने सारे गुपचूप चालले. प्रयोग झाला तेव्हा क्रासा तिथे नव्हते. १० ऑगस्ट १९४२ रोजीच त्यांची तेरेझिनला रवानगी झाली होती. पुढे आश्रमातली मुलेही तिकडेच पोहोचली. ओटो यांचा मुलगा रुडॉल्फ याने जुलै १९४३ मध्ये येताना सामानात पियानोसाठीची स्वरलिपी लपवून आणली.

तेरेझिन हे प्रागच्या उत्तरेस सुमारे ६० किमी.वरचे जुने तटबंदीचे गाव. जिथे पूर्वी जेमतेम सात हजार लोक राहत, तिथे सप्टेंबर १९४२ मध्ये ५८,००० माणसे कोंबलेली होती. सुमारे ३३,००० लोक तिथेच भुकेने आणि रोगराईने मेले. ८७,००० हून अधिक पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांकडे पाठवले गेले. याच गावात व्हेर्दीचे ‘रेक्विएम’ गायिले गेले आणि व्हिक्टर उलमान यांनी ‘अटलांटिसचा सम्राट’ ही संगीतिका लिहिली. उलमान यांच्या रचनेच्या तालमी झाल्या, प्रयोग झाला नाही. तो १९७५ मध्ये आम्स्टरडॅमला झाला.

क्रासांनी हाताशी असलेल्या वादकांकडे पाहून वाद्यमेळ नव्याने लिहिला : बासरी, क्लॅरिनेट, गिटार, अ‍ॅकॉर्डियन, पियानो, तालवाद्ये, चार व्हायोलिन, चेलो आणि डबल बास. नेपथ्य फ्रांटिशेक झेलेंका यांचे. त्यांनी फळ्यांचे कुंपण उभारून त्यावर चिमणी, मांजर आणि कुत्रा यांची चित्रे लावली आणि डोके बाहेर काढायला भोके ठेवली. मांजर झालेली एला स्टाइन आईचा काळा स्वेटर आणि बहिणीची विजार घालून, बुटाच्या पॉलिशने मिशा रंगवून रंगमंचावर येई. ब्रुंडिबारची भूमिका होन्झा ट्राइखलिंगर या अनाथ मुलाची. त्याच्या मिशा हलवण्याच्या लकबीवर प्रेक्षक खूश असत. प्रयोगापुरता मुलांना छातीवरचा पिवळा तारा काढून ठेवता येई. वाचलेल्यांच्या आठवणींत ही गोष्ट फिरून फिरून येते. संच मात्र टिकत नसे. एक गाडी सुटली की भूमिका रिकाम्या होत, दुसरी मुले ती गाणी पाठ करून उभी राहत.

शेवटचे समूहगीत हे या संगीतिकेचे भरतवाक्यच. तेरेझिनमध्ये कवी एमिल साउडेक यांनी त्याच्या अखेरच्या ओळी बदलल्या. मूळ ओळी आईबाप आणि मायभूमी यांच्या प्रेमाच्या होत्या. बदललेल्या ओळींत जो न्यायाच्या बाजूने निर्भयपणे उभा राहतो तो आपला मित्र, असा आशय आला. गाणे चेकमध्ये होते. पहारेकऱ्यांनी त्याची फिकीर केली नाही आणि प्रेक्षक ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावत.

याच संगीतिकेचा नाझींनी वापरही केला. २३ जून १९४४ रोजी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे पथक येणार म्हणून गाव रंगवले गेले, गर्दी कमी दिसावी म्हणून मे महिन्यात हजारो लोक ऑशविट्झला धाडले गेले, आणि पाहुण्यांना ‘ब्रुंडिबार’ दाखवण्यात आले. त्यानंतर कैदी दिग्दर्शक कुर्ट गेरॉन यांच्याकडून करवून घेतलेल्या प्रचारपटात शेवटच्या गाण्याचे चित्रण झाले. ती काही क्षणांची फीत उपलब्ध आहे. तिचा हेतू खोटा आहे. गाणाऱ्या मुलांचे चेहरे खरे आहेत. सप्टेंबरअखेरीपासून महिनाभरात सुमारे १८,००० लोकांना पूर्वेकडे नेण्यात आले. क्रासा १६ ऑक्टोबरच्या गाडीने गेले आणि ऑशविट्झला पोहोचताच मारले गेले. झेलेंका, गेरॉन आणि छोटा होन्झाही वाचले नाहीत. रुडॉल्फ फ्रॉयडेनफेल्ड आणि एला स्टाइन वाचले. पुढे एला वाइसबर्गर या नावाने त्यांनी २०१८ मध्ये निधन होईपर्यंत जगभर ही हकीकत सांगितली.

मुंबईशी या इतिहासाचा एक धागा जुळतो. प्रागमध्ये संगीतशास्त्र शिकलेले वॉल्टर कॉफमन (१९०७–८४) यांनी आपले मार्गदर्शक नाझींच्या बाजूचे आहेत हे कळल्यावर डॉक्टरेट नाकारली आणि १९३४ मध्ये ते मुंबईला आले. मेहली मेहता यांच्यासह त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी चालवली. १९३७ ते १९४६ ते आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. आकाशवाणीची पहाटेची परिचयधून सामान्यतः त्यांच्याच नावे सांगितली जाते. त्यांच्या पहिल्या पत्नी गेर्टी हेरमान या फ्रान्झ काफ्का यांची बहीण एली हिच्या कन्या. काफ्कांच्या तिन्ही बहिणी नाझींनी मारल्या. त्यांतली धाकटी ओट्ला, म्हणजे गेर्टी यांची मावशी, ‘ब्रुंडिबार’चा तेरेझिनमधला पहिला प्रयोग झाला तेव्हा तिथेच होती. बारा दिवसांनी, ५ ऑक्टोबर १९४३ रोजी, बियाविस्तोकहून आणलेल्या हजारावर मुलांना सोबत करायला ती आपणहून ऑशविट्झच्या गाडीत बसली.

कोकणातले मराठीभाषक बेने इस्राएली, म्हणजे शनिवार तेली, हे त्याच काळात मुंबईत निर्धोक होते. बायबलातील कथांवर ते मराठीत कीर्तने करीत. ज्यू जीवन गाण्यातून सांगण्याची ही मराठी परंपरा ‘ब्रुंडिबार’हून जुनी आहे आणि तिला छळाची पार्श्वभूमी नाही, हे नोंदवण्यासारखे आहे.

युद्धानंतर ही रचना बराच काळ विस्मरणात होती. १९८५ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे सिस्टर मारिया व्हेरोनिका ग्रुटर्स यांनी ती शाळकरी मुलींकडून बसवली आणि तिथून तिचा पुन्हा प्रसार झाला. २००३ मध्ये टोनी कुशनर यांचा इंग्रजी मजकूर आणि मॉरिस सेंडाक यांची चित्रे असलेले पुस्तक निघाले.

सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये आणि रत्नाकर मतकरींनी १९६२ मध्ये रुजवलेल्या मराठी बालरंगभूमीला ही संगीतिका परकी वाटू नये. आजारी आई, दूध आणि बाजार हे शिरूर तालुक्यातल्या निमोण्याच्या शाळेतल्या मुलांनाही कोणी समजावून द्यावे लागणार नाही. अवघड आहे ती दुसऱ्या अंकातली अंगाई. ती एकाच वेळी वेगवेगळ्या स्वरपट्ट्यांत चालते, आणि आपल्या शाळांतली समूहगीते बहुधा एकसुरी असतात. तिच्या तालमीला नाटकाच्या तालमीहून अधिक दिवस द्यावे लागतील आणि गाणे शिकवणारा माणूस आधी शोधावा लागेल.