स्ट्रोकर : हार्लेच्या इंजिनात गॅरेजवाल्यांनी भरलेला दम

हार्ले-डेव्हिडसनच्या जुन्या मालकांमध्ये एक खटपट दुसऱ्या महायुद्धानंतर चांगलीच रुळली. एका बाकावर कंपनीचं साइड-व्हॉल्व्ह ‘यूएल’ इंजिन खोलून ठेवायचं, शेजारी ओव्हरहेड-व्हॉल्व्ह ‘एफएल’. यूएल म्हणजे थंड डोक्याचं, ओझं वाहणारं, शर्यतीत कोणी विचारणार नाही असं इंजिन. १९४८ नंतर ते बंदच झालं आणि भंगारात स्वस्तात मिळू लागलं. पण त्याच्या पोटातली फ्लायव्हील लांब स्ट्रोकची होती, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव लांब : ४ ९/३२ इंच. एफएलचा स्ट्रोक ३ ३१/३२ इंच. यूएलची चाकं एफएलच्या क्रँककेसमध्ये बसवली, की बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या व्यासाला, हात न लावता ७४ घनइंचांचं इंजिन जवळजवळ ८० घनइंचांचं व्हायचं. १२०७ सीसीचं १३०२ सीसी. कंपनीनं टाकून दिलेल्या भागातून कंपनी विकत नव्हती ते इंजिन तयार होई. त्याला नाव पडलं ‘स्ट्रोकर’.

हे जमायचं ते इंजिनाच्या बांधणीमुळे. मिलवॉकीच्या या कंपनीनं १९०९ मध्ये पहिलं व्ही-ट्विन काढलं आणि दोन सिलिंडरांमधला ४५ अंशांचा कोन पुढे कायम ठेवला. दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर बसतात : एकाचं टोक काट्यासारखं दुभंगलेलं, दुसऱ्याचं त्या फटीत बसणारं. क्रँकपिनच्या दोन्ही निमुळत्या टोकांवर एकेक जड फ्लायव्हील, बाहेरून नट. क्रँक अखंड ओतलेला नसल्यानं नट सोडला की सगळं सुटं होतं. चाकं बदलता येतात, पिनची जागा बदलता येते, रॉड बदलता येतात.

सुटं करणं सोपं, जुळवणं कठीण. दोन्ही चाकं एका रेषेत आली नाहीत तर इंजिन थरथरतं आणि बेअरिंग खातं. कारागीर जुळवलेली चाकं दोन टोकदार आधारांमध्ये धरायचा, डायल गेज लावून फिरवायचा, आणि काटा हलला की नेमक्या जागी नरम धातूच्या हातोड्याचा ठोका. पुन्हा फिरवायचं, पुन्हा ठोका. इंचाच्या हजाराव्या भागाच्या आसपास चूक येईपर्यंत हे चालायचं.

त्यानंतर खरी गुंतागुंत सुरू होई. स्ट्रोक सुमारे आठ मिलिमीटरनं वाढला म्हणजे पिस्टन चार मिलिमीटर जास्त वर जाणार आणि तितकाच जास्त खाली येणार. वर तो हेडवर आपटू नये म्हणून सिलिंडरखाली धातूची जाड प्लेट घालायची, नाहीतर पिन वर सरकवलेला पिस्टन वापरायचा. खाली त्याचा घेर फ्लायव्हीलला घासू नये म्हणून तो कापायचा. प्लेट घातली की सिलिंडर उंचावतात, म्हणून पुशरॉड लांब हवेत. दोन सिलिंडर तिरके असल्यानं हेडमधलं अंतरही वाढतं, म्हणून कार्ब्युरेटरचा मॅनिफोल्ड रुंद हवा. एक माप बदललं की इंजिनातली चार मापं बदलायची. शिवाय पिस्टनचा वेग : मिनिटाला ५००० फेऱ्यांना मूळ स्ट्रोकमध्ये तो सेकंदाला सरासरी १६.८ मीटर असे, लांब स्ट्रोकमध्ये १८.१ मीटर. त्या प्रमाणात उष्णता, झीज आणि रॉडवरचा ताण वाढायचा.

तरी लोक हे का करत होते? एक तर पाया भक्कम होता. १९३६ मध्ये आलेलं ओव्हरहेड-व्हॉल्व्ह ‘नकलहेड’ इंजिन ६१ घनइंचांचं असून सुमारे ४० अश्वशक्ती देई. कंपनीचा शर्यतपटू जो पेट्राली यानं १३ मार्च १९३७ रोजी डेटोना बीचच्या वाळूवर त्याच इंजिनाच्या खास तयार केलेल्या गाडीवर ताशी १३६.१८३ मैलांचा विक्रम केला. ग्राहकाच्या हाती पडणारी गाडी मात्र पोलीस, टपाल आणि लांबच्या प्रवासाला बेतलेली असे. तिनं वर्षानुवर्षं न कुरकुरता चालावं म्हणून कंपनी इंजिनात बरीच ताकद राखून ठेवायची. ती राखीव ताकद मालकाला खुणावत होती.

दुसरं कारण युद्धानंतरचं. सैन्यासाठी बनलेल्या हजारो डब्ल्यूएलए मोटरसायकली उरलेला माल म्हणून विकायला निघाल्या. परतलेल्या तरुणांपैकी अनेकांना सैन्यात यंत्रं उघडण्याची सवय लागली होती. कॅलिफोर्नियात ‘बॉब-जॉब’ची लाट आली : पुढचा मडगार्ड काढा, मागचा कापा, नको ते सगळं उतरवा. वजन घटवून झालं की उरतं ते इंजिन.

सॅन होजेचा डीलर टॉम सिफ्टन या वाटेवर युद्धाआधीच चालत होता. त्यानं तयार केलेल्या गाडीवर सॅम अरीना यानं १९३८ साली ओकलंडची २०० मैलांची राष्ट्रीय शर्यत जिंकली. सिफ्टनचं लक्ष कॅमवर होतं. व्हॉल्व्ह कधी उघडतो, किती उचलतो, किती वेळ उघडा राहतो, हे सारं कॅमच्या उंचवट्याचा आकार ठरवतो. त्याच्या नावाचे कॅम पुढे कित्येक दशकं विकले गेले.

१९५० च्या जुलैत सांता अ‍ॅनाच्या विमानतळावर पाव मैलाच्या ड्रॅग शर्यती सुरू झाल्या. तिथे मोटारींना धूळ चारणारी एक हार्ले होती, ‘द बीस्ट’. तिचा कर्ता चेट हर्बर्ट पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत होता. त्यामुळे गाडी तो तयार करायचा आणि चालवायचे दुसरे. हार्लेच्या टॅपेटला कॅमवर घासण्याऐवजी लोळणारे रोलर असतात. त्यावरून हर्बर्टनं मोटारींच्या इंजिनांसाठी रोलर कॅम बनवले. तेव्हा मोटारींच्या शर्यतींनीही या जुन्या मोटरसायकल इंजिनातून काही उचललं आहे.

इथवरचा कारभार घरगुती होता. शिकागोजवळच्या ब्लू आयलंडमध्ये जॉर्ज स्मिथ आणि स्टॅन्ले स्टँकोस यांनी १९५८ साली त्याचा धंदा केला. दोघांच्या आडनावांवरून नाव ठेवलं ‘एस अँड एस’. पहिला माल होता हलके पुशरॉड. १९४८ पासूनच्या पॅनहेड इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट होते. रोजच्या वापराला ते सोयीचे, पण फेऱ्या वाढल्या की त्यांची लय सुटते. व्हॉल्व्ह हलवणारी यंत्रणा जितकी हलकी, तितकं इंजिन वरच्या फेऱ्यांना तग धरतं. स्टँकोस लवकरच बाहेर पडला आणि धंदा जॉर्ज व त्याची पत्नी मार्जोरी यांच्याकडे आला, दोघंही स्मिथच, त्यामुळे पाटी बदलावी लागली नाही. फ्लायव्हील, रॉड, पिस्टन, कार्ब्युरेटर असा माल वाढत गेला. १९६९ मध्ये त्यांनी बस्तान विस्कॉन्सिनमधल्या व्हायोला या छोट्या गावी हलवलं. आता यूएलची चाकं भंगारात हुडकण्याची गरज उरली नाही. लांब स्ट्रोकचा संच खोक्यात भरून पोस्टानं घरी येऊ लागला.

हे इंजिन किती ताणता येतं ते १९७० च्या ऑक्टोबरात युटाच्या बॉनव्हिल मिठागरावर दिसलं. डेनिस मॅनिंगनं बांधलेल्या बंदिस्त, सिगारसारख्या गाडीत शर्यतपटू कॅल रेबर्न आडवा झाला होता. तिच्यातलं स्पोर्टस्टर इंजिन वॉर्नर रायलीनं तयार केलं होतं. त्या काळी दुकानात मिळणारी स्पोर्टस्टर ८८३ सीसीची. रायलीचं इंजिन १४८० सीसीचं. त्यात नायट्रोमिथेन हे इंधन जाळून दोन्ही दिशांच्या धावांची सरासरी आली ताशी २६५.४९२ मैल, म्हणजे ४२७ किलोमीटर.

रस्त्यावरच्या मालकाला अर्थातच किंमत मोजावी लागे. कॉम्प्रेशन वाढवलं की किक मारणाऱ्याच्या घोट्याची परीक्षा, आणि किक उलटली तर दुखापत. ४५ अंशांच्या कोनात मागचा सिलिंडर पुढच्याच्या आडोशाला येतो, त्यामुळे तो आधीच गरम. ताकद वाढवली की पहिला तोच शेकतो. जोड्यांमधून तेल गळायचं ते निराळंच.

हळूहळू अनुभवी लोकांचं लक्ष आकारमानावरून श्वासाकडे वळलं. कॅलिफोर्नियातला जेरी ब्रँच हेडमधल्या वाटा घासून त्यातून किती हवा वाहते ते फ्लो-बेंचवर मोजायचा. हवा जास्त गेली तर तेवढ्याच आकाराचं इंजिन जास्त ताकद देतं आणि रॉडवर जादा ताणही येत नाही. ‘एक्सआर-७५०’ या शर्यतीच्या गाडीच्या हेडवर त्यानं केलेलं काम कंपनीलाही उपयोगी पडलं.

कंपनी मात्र सावकाश पावलं टाकत होती. १९६९ मध्ये ती एएमएफ या कंपनीच्या ताब्यात गेली आणि १९८१ मध्ये अधिकाऱ्यांच्या एका गटानं परत विकत घेतली. मधल्या काळात, १९७८ साली, शोव्हेलहेड इंजिन ८० घनइंचांचं झालं. त्याचा स्ट्रोक सव्वाचार इंच, गॅरेजवाल्यांनी यूएलच्या चाकांतून मिळवलेल्या मापाच्या अगदी जवळचा. त्याच वर्षापासून अमेरिकेत मोटरसायकलींना धुराचे नियम लागू झाले. मिश्रण पातळ करून नियम पाळायचे आणि घटलेली ताकद आकारमानानं भरून काढायची, हा सरळ मार्ग होता.

पुढेही तोच क्रम दिसतो. एस अँड एसनं १९८० च्या दशकापासूनच ९६ घनइंचांचे संच विकले होते. कंपनीचं ९६ घनइंचांचं ट्विन कॅम इंजिन सर्व मोठ्या गाड्यांना २००७ मध्ये आलं. दरम्यान १९८४ मध्ये अ‍ॅल्युमिनियमचं, तेल न गळणारं इव्होल्यूशन इंजिन बाजारात आलं होतं, आणि ताकद वाढवण्याचे भाग कंपनी स्वतःच ‘स्क्रीमिन ईगल’ या नावानं विकू लागली. जो धंदा गॅरेजात जन्मला, तो आता शोरूमच्या काउंटरवर मांडला गेला.

त्याचं बिल २०१६ मध्ये आलं. इंधन आणि ठिणगीची वेळ बदलणारे ‘सुपर ट्यूनर’ कंपनीनं सुमारे तीन लाख चाळीस हजार संख्येनं विकले, त्यामुळे गाड्या मंजूर मर्यादेपेक्षा जास्त धूर सोडतात, असा अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा आरोप होता. हे भाग शर्यतीसाठीच आहेत, असं सांगत कंपनीनं खात्याचं म्हणणं अमान्य केलं. पण तडजोड केली : १ कोटी २० लाख डॉलरचा दंड भरायचा, विक्री थांबवायची आणि डीलरांकडचा साठा परत घेऊन नष्ट करायचा.

व्हायोलात मात्र जुन्याचाच धंदा चालू राहिला. नकलहेड, पॅनहेड आणि शोव्हेलहेड यांच्यासारखी दिसणारी अख्खी नवी इंजिनं एस अँड एसनं काढली : ९३ घनइंच, म्हणजे सुमारे १५२४ सीसी, स्ट्रोक साडेचार इंच. आपल्याकडच्या जुन्या ३४६ सीसीच्या बुलेटची चार इंजिनं एकत्र केली तरी ती याला पुरत नाहीत. १९४८ च्या सांगाड्यात असं इंजिन बसवणाऱ्याला मूळ पॅनहेड खोलावं लागत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला फरक चटकन कळतही नाही.